मगदूम बाई आणि पाठीची कमान

मगदूम बाई व्यायामाच्या खोलीत पहिल्यांदा आल्या, तेव्हा मला वाटलं, एखाद्या पोराची तक्रार घेऊन आल्या असतील. शाळा सुटली होती. दहावीची चार-पाच पोरं आरशासमोर दंड फुगवत उभी होती. बाईंनी दारात चपला काढल्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या लोखंडी रॉडकडे जरा वेळ बघितलं आणि मला विचारलं,

"जाधव सर, हा रॉड नुसता किती किलोचा?"

"असेल सात-आठ किलोचा."

"असेल म्हणजे? वजन केलं नाही कधी?"

नव्हतं केलं. कडेगाव तालुक्यातल्या या हायस्कुलात मी अकरा वर्षं क्रीडाशिक्षक होतो, आणि तो रॉड माझ्या आधीपासून तिथं होता.

"मग त्यात किती वाढवलं ते तुम्हाला कळतं कसं?" बाईंनी शांतपणे विचारलं. पोरं आरशातून आमच्याकडे बघायला लागली. दुसऱ्या दिवशी मी तो रॉड गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला. नऊ किलो भरला.

बाई आमच्याकडे इंग्रजी शिकवायच्या. वय चोपन्न, बुटक्या, अंगानं बारीक, कायम फिक्या रंगाची सुती साडी. माहेर सांगलीचं, जैन घरातलं. सूर्य बुडायच्या आत जेवायच्या, त्यामुळं स्टाफच्या कुठल्याही पार्टीला त्या साडेपाचला एकट्याच पहिल्या पंगतीला बसायच्या. मिस्टर पाटबंधारे खात्यात होते, ते जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी पुण्यात. एवढंच मला माहीत होतं. स्टाफरूममध्ये आम्ही इतकी वर्षं समोरासमोर बसत होतो, पण त्यांच्याबद्दल याहून जास्त कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांच्या डाव्या मनगटाला पट्टी होती. दोन महिन्यांपूर्वी एसटी स्टँडच्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला होता. साधंच पडणं, पण मनगटाचं हाड मोडलं. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी हाडांची तपासणी केली आणि सांगितलं की हाडं विरळ झालीत, सत्तरीच्या बाईची असावीत तशी. त्यानंतर जो भेटेल तो त्यांना एकच सांगत होता: काही उचलू नका. मुलीनं तर पाण्याची घागरसुद्धा बंद केली.

"मी डॉक्टरांना विचारलं," बाई म्हणाल्या, "काही न उचलता हाडं दाट होतात का? त्या हसल्या. म्हणाल्या, नाही होत. गोळ्या घ्यायच्याच, पण हाडाला वजनाची सवय लागते. फक्त हळूहळू, कुणाच्या तरी नजरेखाली. आणि खाली वाकून काही उचलायचं नाही, मी सांगेपर्यंत. म्हणून तुमच्याकडे आले."

त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला. सोमवार, बुधवार, शुक्रवार. तिन्ही दिवशी तेच व्यायाम: पाय, छाती, पाठ, खांदे, दंड, पोटऱ्या. एका दिवसात सगळं अंग. मधले दिवस कोरे, आणि त्या कोऱ्या जागेत बाईंनी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'विश्रांती. सक्तीची.'

मी कागद दोनदा वाचला. आमची पोरं मोबाइलवर बघून सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी दंड असं करत होती. पाय रविवारी होते, आणि रविवारी खोली बंद असायची. हा बाईंचा कागद म्हणजे फार जुनी पद्धत होती. यंत्रं, पावडरी, औषधं यायच्या आधी परदेशातले शरीर कमावणारे लोक असा व्यायाम करायचे. आम्हाला कॉलेजात इतिहास म्हणून दोन ओळीत सांगितलं होतं.

"हे कुठं मिळालं तुम्हाला?"

"मिळालं नाही. पाठ आहे मला. नववीपासून."

मी पुढं काही विचारायच्या आत त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बसून उठण्यापासून सुरू करूया. हातात काही न घेता. दहा वेळा. मोजा."

तेव्हापासून जवळजवळ चार वर्षं मी मोजत राहिलो.

बाईंचं आयुष्य मला कळलं ते दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांनी. एक सेट झाला की त्या खुर्चीत बसायच्या, घड्याळ बघायच्या आणि बरोबर दोन मिनिटं बोलायच्या. दोन मिनिटं झाली की वाक्य अर्धं सोडून उठायच्या. उरलेलं वाक्य पुढच्या सेटनंतर, आणि कधी कधी बुधवारचं वाक्य शुक्रवारी पुरं व्हायचं. मी शुक्रवारची वाट बघायला लागलो.

सांगलीत त्यांच्या वडलांचं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला मुंबईहून रद्दीचे गठ्ठे यायचे. अशाच एका गठ्ठ्यात एकदा इंग्रजी मासिकं निघाली, तीसेक वर्षांपूर्वीची, पिवळी पडलेली. पानोपानी पिळदार अंगाचे गोरे पुरुष. थोरला भाऊ भूपाल तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा. त्यानं वडलांची नजर चुकवून तो गठ्ठा माळ्यावर नेला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. सुनंदाला, म्हणजे आमच्या बाईंना, थोडं थोडं यायला लागलं होतं.

"दादा म्हणाला, नंदे, वाच. मी शाळेचा शब्दकोश घेऊन बसायची. एका ओळीला अर्धा तास लागायचा. मी वाचायची, तो करायचा. दुकानातल्या मापांनी, साखरेच्या पोत्यांनी. नंतर त्यानं लोहाराकडून वजनं करून घेतली. सर, शाळेत आम्हाला इंग्रजीत फुलं, पाखरं, नदी असलं होतं. मला आधी आलं ते 'श्वास घ्या', 'ताठ उभे राहा', 'घाई करू नका', 'पुरेशी झोप घ्या'. अख्खा आज्ञार्थ मी त्या पैलवानांकडनं शिकले."

दोन मिनिटं झाली. बाई उठल्या.

हे कळल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाईंच्या वर्गाबाहेरून जाताना मी कितीदा ऐकलं होतं: चाळीस पोरं एका सुरात इंग्रजीतून 'ताठ उभे राहा, खोल श्वास घ्या, घाई करू नका' म्हणताहेत. मला वाटायचं, पुस्तकातला धडा असेल. आणि त्यांचं शिकवणंही तसंच. इतर शिक्षक सोमवारी व्याकरण, मंगळवारी कविता, बुधवारी निबंध घ्यायचे. बाई प्रत्येक तासाला थोडं वाचन, थोडं लेखन, थोडं बोलणं, थोडं ऐकणं, सगळंच घ्यायच्या. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "तुमच्या टाचणात आज नेमका घटक कोणता?" बाई म्हणाल्या, "सगळं अंग." साहेबांनी मुख्याध्यापकांकडे बघितलं. मुख्याध्यापक मोहिते सर छताकडे बघत होते.

विश्रांतीच्या दिवसाबाबत त्या फार कडक. एका मंगळवारी शाळेत स्वच्छतेचं श्रमदान होतं. सगळा स्टाफ खराटे घेऊन मैदानात आणि बाई लिंबाखाली खुर्ची टाकून बसलेल्या. मोहिते सर तिथं गेले, घसा खाकरला.

"बाई, आपण?"

"उद्या," बाई म्हणाल्या. "आज माझी हाडं वाढताहेत."

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, त्या अर्धा तास लवकर आल्या आणि एकटीनं अख्खा व्हरांडा झाडला. मोहिते सरांनी परत कधी त्यांना मंगळवारी काही सांगितलं नाही.

खाण्याची गोष्ट त्यांनी मला फार उशिरा सांगितली, सात-आठ महिन्यांनी. तोवर त्या हातात तीन-तीन किलोचे डंबेल्स घेऊन खुर्चीतून उठत होत्या, आणि शाळेत खिचडी शिजवणारी शालनही आमच्यात सामील झाली होती. शालन पन्नाशीची, दांडगी, गुडघ्यांनी हैराण झालेली. आधी दोन आठवडे ती नुसती दारात उभी राहून बघायची. मग एक दिवस म्हणाली, "आवं बाई, ह्यानं गुडगं ऱ्हात्यात व्हय?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "करून बघ. मग दोघींनाही कळेल."

तर त्या दिवशी शालननं विचारलं, "बाई, ती गोरी मानसं खात काय व्हती?"

बाई घड्याळाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तेच तर. प्रत्येक मासिकात शेवटी आहार असायचा. अंडी, मांस, प्राण्याचं लिव्हर. आमचं घर जैन. हे वडलांच्या कानावर गेलं असतं तर मासिकं बंबात गेली असती. आणि दादा वेडा होता, त्यानं कुठंतरी बाहेर जाऊन खाल्लंही असतं. मग मी वाचताना बदलायची. अंडी आली की भिजवलेले शेंगदाणे म्हणायची. मांस म्हणजे हरभरे. आणि लिव्हर—"

"काय?" मी विचारलं.

"खरवस."

शालन इतकी हसली की तिच्या हातातला डंबेल तिला खाली ठेवावा लागला.

"दादानं चार वर्षं गवळ्याला सळो की पळो केलं. जिथं म्हैस व्याली तिथं हा भांडं घेऊन हजर. अमेरिकेतले चँपियन रोज खरवस खातात म्हणून. आणि सांगू का, अंग काय भरलं होतं त्याचं! सांगलीच्या रस्त्यानं चालला की लोक वळून बघायचे."

"मग पुढं?"

"मग पाठ गेली त्याची." बाई उठल्या. दोन मिनिटं झाली नव्हती.

ते मला शुक्रवारी कळलं, आणि त्या दिवशी बाईंनी घड्याळ बघितलं नाही. बाविसाव्या वर्षी जमिनीवरून रॉड उचलताना भूपालच्या पाठीत काहीतरी कडकन वाजलं. मणक्यातली गादी सरकली. तो सहा महिने फळीवर पडून होता. गावातल्या डॉक्टरांनी निदान केलं की मणका जन्मापासूनच कच्चा आहे, असल्या मुलानं वजनं उचलायलाच नको होती. वडलांनी ती वजनं लोहाराला परत केली. भूपाल दुकानात बसला तो आजतागायत, कमरेला पट्टा बांधून. पाठीनं अधू म्हणून दोन मुलींकडच्यांनी नकार दिला. तिसऱ्या ठिकाणी जमलं, तेव्हा तो पस्तिशीला आला होता.

"मी त्याला नंतर एकदाही विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "मासिकं माळ्यावरच राहिली. मी बी.एड. केलं, लग्न झालं. पण त्यातलं सगळं माझ्या डोक्यात तसंच आहे. दादा करायचा तेव्हा मी मोजत बसायची ना. मुलीनं ते करायचं असं कुणाच्या मनातसुद्धा नव्हतं. माझ्याही."

त्यानंतर महिन्याभरानं डॉक्टरीणबाईंनी नवीन तपासणी केली. हाडं आणखी विरळ झालेली नव्हती, एका जागी किंचित सुधारलेली दिसत होती. आता अगदी हलकं वजन जमिनीवरून उचलायला हरकत नाही, असं त्यांनी लिहून दिलं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी पेढे आणले आणि पोरांनाही वाटले.

सोमवारी आम्ही सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "आधी शालनला करू दे. तिची हाडं दणकट आहेत. मी तिला सांगते, तुम्ही फक्त बघा."

मी दोन विटांच्या थप्प्यांवर रॉड ठेवला आणि मोजायची वही आणायला टेबलाकडे वळलो. पाठीमागं बाईंचा आवाज येत होता. वर्गातल्यासारखा, स्वच्छ.

"पाय खांद्याइतके लांब. रॉड धर. आता पाठ कमानीसारखी कर, शालन. अजून. वेशीची कमान असते ना, तशी. आता उचल."

मी वळून बघितलं. शालनची पाठ मांजरासारखी वर फुगलेली होती, मान खाली, आणि रॉड विटांवरून सुटत होता.

"थांब! सोड, सोड तो!" मी ओरडलो.

शालननं रॉड टाकला. विटा गडगडल्या. पोरं आरशासमोरून मागं सरली.

"आवं सर, काय झालं वं?" शालन घाबरून म्हणाली.

"पाठ अशी वर फुगवायची नाही कधी. सगळा भार मणक्यावर येतो. छाती पुढं काढायची, कंबर आत. पाठ अशी." मी करून दाखवलं.

"पण पुस्तकात कमान लिहिलंय," बाई म्हणाल्या. "मला शब्द न् शब्द आठवतो." त्यांनी ते इंग्रजी वाक्य म्हणून दाखवलं. त्यात खरंच तो शब्द होता. पाठीची कमान ठेवा.

"बरोबर आहे बाई, पण ती उलटी कमान. आतल्या बाजूची. कंबरेत खळगा पडतो ना, तो. व्यायामाच्या भाषेत त्यालाच तसं म्हणतात. फोटो नव्हता का त्या पानावर?"

"फोटो होता. उचलून झाल्यावरचा. ताठ उभा राहिलेला माणूस."

मी आणखी काहीतरी समजावत होतो. ते त्या ऐकत नव्हत्या हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. त्या हळूच खुर्चीत बसल्या. त्यांनी उजवा हात पुढं केला आणि हवेत वेशीची कमान काढली, मग तीच कमान उलटी काढली. परत एकदा सुलटी.

"मी त्याला असंच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तो नीट ताठ ठेवायचा पाठ. मीच ओरडायची, दादा, कमान कर. पुस्तकात लिहिलंय."

शालननं पोरांना हातानंच बाहेर जायची खूण केली.

पुढच्या रविवारी मी त्यांना माझ्या गाडीनं सांगलीला घेऊन गेलो. त्यांनीच सांगितलं, "मी म्हणेन ते त्याला पटायचं नाही. व्यायामातला माणूस बरोबर पाहिजे." वाटेत पलूसपर्यंत त्या रस्त्याकडेच्या पाट्या वाचत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "कोशात पहिला अर्थ बघितला मी. दुसरा बघायला पाहिजे होता."

भूपालअण्णा दुकानातच होते. उंच, खांदे अजून रुंद, पण कमरेपासून वरचं अंग एका बाजूला झुकलेलं. साखरेच्या पोत्याला पाठ टेकून ते लाकडी स्टुलावर बसले होते.

"काय गं नंदे, आज अचानक? बस की. हे कोण?"

बाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. शालन, रॉड, कमान. रडल्या नाहीत, चुकल्या नाहीत, थांबल्या नाहीत. धडा म्हणून दाखवावा तसं त्यांनी सांगितलं. अण्णा ऐकत होते. मधे एक बाई पावशेर पोहे मागायला आली, तिला त्यांनी पोहे दिले आणि परत बसले.

"ते इंग्रजीतलं परत म्हण," ते म्हणाले.

बाईंनी म्हटलं.

"सर, हे खरं हाय?"

मी हो म्हणालो. कंबर कशी ठेवायची ते दाखवायला गेलो, त्यांनी हातानं थांबवलं.

"म्हणजे माझा मणका कच्चा नव्हता?"

"ते डॉक्टरच सांगू शकतील," मी म्हणालो. "पण तुम्ही चार वर्षं एवढं वजन उचलत होता. कच्चा असता तर आधीच—"

"आपले आबा वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत होते," अण्णा बहिणीकडे बघत म्हणाले. "आमचा भूपाल अधू हाय, त्याला पोतं उचलाया सांगू नका. माझ्यासमोर सांगायचे. मी पण तसंच धरून चाललो. जन्मालाच कमी घेऊन आलोय म्हणून." त्यांचा आवाज चढला नव्हता. "एवढा मोठा शब्दकोश होता तुझ्याजवळ, नंदे."

बाईंनी पर्स या हातातून त्या हातात घेतली.

"जा तू आता," अण्णा म्हणाले. "सर, चहा न घेता चाललात, राग मानू नका."

परत येताना बाईंनी गाडीची काच खाली केली आणि वारा तोंडावर घेत बसल्या.

त्यानंतर तीन आठवडे बाई व्यायामाला आल्या नाहीत. शाळेत यायच्या, तास घ्यायच्या, घरी जायच्या. त्यांच्या वर्गातून आज्ञार्थाचा आवाज येईनासा झाला. मी दोनदा विषय काढला, त्यांनी दोन्ही वेळा वह्यांमधून मान वर केली नाही. शेवटी शालनच स्टाफरूममध्ये घुसली, हातातल्या पळीसकट.

"बाई, तुमी येत न्हाई म्हनून मी बी थांबले. माझं गुडगं परत वाजाया लागल्यात. त्याचं पाप कुनाला?"

"शालन, मला नाही जमायचं आता."

"का न्हाई? नववीतली पोर व्हता तुमी. मला नववीत चुलीवरची भाकरी उलटाया येत न्हवती. चुकलं ते चुकलं. भावानं दार लावलं, म्हनून काय हाडं ठिसूळ करून घेनार व्हय?"

स्टाफरूममध्ये सगळे वह्या तपासायचं नाटक करत होते. बाईंनी लाल पेनचं टोपण लावलं. त्या दिवशी बुधवार होता. साडेपाचला त्या खोलीत आल्या, आणि त्यांनी पहिला सेट हातात काही न घेता केला, अगदी सुरुवातीसारखा. मी मोजलं.

चार महिने भावाचा फोन नव्हता. बाई दर रविवारी फोन लावायच्या. वहिनी उचलायच्या आणि "ते दुकानात हायत" म्हणायच्या. बाई हे आम्हाला सेटच्या मधे सांगायच्या, एका वाक्यात, आणि उठायच्या.

मग एका गुरुवारी दुपारी शाळेच्या फाटकात पांढरी गाडी थांबली. भूपालअण्णा उतरले, दाराला धरून, एक पाय मग दुसरा. सरळ व्यायामाच्या खोलीत आले. हातात मोठं पाकीट होतं. मी बाईंना निरोप पाठवला. त्या आल्या आणि दारातच थबकल्या.

अण्णा त्यांच्याशी बोललेच नाहीत. पाकीट माझ्याकडे दिलं. "मिरजेला दाखवून आलो. मोठे डॉक्टर हायत. सगळे फोटो काढले. मणका जन्मापासून चांगला होता म्हणे. जुनी इजा हाय, एका जागची. आता थोडा थोडा व्यायाम केला तर चालेल, उलट बरं वाटेल म्हणाले. कुणाच्या तरी नजरेखाली." ते थांबले. "तुमच्या नजरेखाली, सर. हिच्यावर माझा भरवसा न्हाई."

बाईंनी तोंडावर पदर घेतला. हसताहेत की काय ते मला कळेना.

मी अण्णांच्या हातात खराट्याचा दांडा दिला. भिंतीशी उभं केलं, कंबरेत हात घालून दाखवलं. त्यांना सुरुवातीला नीट उभंही राहता येत नव्हतं. तिसऱ्यांदा कंबर आत गेली, छाती वर आली, आणि ते तसेच उभे राहिले, बराच वेळ. कपाळावर घाम आला होता.

"हे असं होतं तर," ते स्वतःशी म्हणाले. मग बाईंकडे वळले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"आणि ते खाण्याचं? ते तरी बरोबर होतं का?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"नंदे?"

"खाण्याचं चुकून नव्हतं, दादा," बाई म्हणाल्या. "ते मी मुद्दाम."

"मुद्दाम काय?"

"लिव्हर म्हणजे खरवस नव्हे."

अण्णा दांड्याला धरून उभे होते. त्यांना अर्थ लागायला क्षणभर लागला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसता हसता पाठीत कळ आली, तसे एका हातानं कंबर धरून हसत राहिले. "पन्नास गवळ्यांच्या दारात गेलो मी! मला म्हणायचे, भूपालशेठ, आता म्हैस व्यायची वाट बघावी लागंल!" दारात जमलेल्या पोरांना काही कळलं नाही, पण तीही हसायला लागली.

त्यानंतर अण्णा दर शुक्रवारी यायचे. दीड तास येणं, दीड तास जाणं, पाऊण तास व्यायाम. बाईंचं ऐकायचे नाहीत. त्यांनी काही सांगितलं की माझ्याकडे बघायचे, मी मान हलवली की मगच करायचे. बाईंनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. वर्षभरात त्यांनी कमरेचा पट्टा सोडला. पुरते सरळ काही झाले नाहीत, इतक्या वर्षांचा झुकाव जात नाही. पण एक दिवस त्यांनी दुकानात साखरेचा दहा किलोचा पुडा स्वतः उचलून गिऱ्हाइकाच्या गाडीत ठेवला, आणि ते सांगायला मुद्दाम फोन केला. मला नाही, बहिणीला.

बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या आणि सांगलीला राहायला गेल्या. निरोपाच्या समारंभात सगळ्यांनी त्यांच्या इंग्रजीबद्दल भाषणं केली. शालन बोलायला उभी राहिली आणि "माझं गुडगं" एवढं म्हणून रडायला लागली. आजही ती सोमवार-बुधवार-शुक्रवार खोलीत येते. आणखी सात-आठ बायका येतात. पोरांपैकी निम्मी आता एका दिवसात सगळं अंग करतात; उरलेली अजून आरशासमोरच आहेत.

गेल्या हिवाळ्यात मी काही कामानं सांगलीला गेलो होतो. सकाळी पुण्याच्या एसटीनं पुढं निघालो. गाडी आयर्विन पुलावर येऊन गर्दीत अडकली. खाली कृष्णेवर धुकं होतं. खिडकीतून सहज बघितलं, तर कठड्याशी भूपालअण्णा आणि बाई उभे. फिरायला आले असावेत, दोघांच्याही पायात पांढरे बूट. अण्णा काहीतरी सांगत होते, दोन्ही हात मोठे मोठे करून, एखाद्या माणसाची नक्कल करावी तसे. बाई हसत होत्या. इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होतो, पण त्यांना असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. कठड्याला धरून, डोळे मिटून, तोंडावर हात न घेता. येणारी-जाणारी माणसं त्यांना वळसा घालून पुढं जात होती.

मी खिडकीतून हात बाहेर काढला, "बाई!" म्हणून हाक मारली. मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवला, आमची गाडी हलली. दोघांपैकी कुणीही बघितलं नाही.